शीतयुद्ध कुणामुळे सुरू झालं आणि त्यातलं आज काय शिल्लक आहे?

नाशिकहून स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलाने विचारलं आहे: "शीतयुद्धाची कारणं म्हणून सगळीकडे भांडवलशाही विरुद्ध साम्यवाद एवढंच लिहिलेलं असतं. मग चूक नेमकी कुणाची, अमेरिकेची की रशियाची? १९९१ मध्ये सोव्हिएत संघ फुटला आणि विषय संपला, तर दीर्घकालीन परिणाम म्हणून काय लिहायचं? आणि आता अमेरिका-चीनमध्येही तेच होणार का?"

मी अनेक वर्षं पदवी आणि पदव्युत्तर वर्गांना आधुनिक जगाचा इतिहास शिकवते. हे तिन्ही प्रश्न माझ्या वर्गात दर वर्षी येतात आणि "चूक कुणाची" हा सगळ्यात आधी येतो. त्याचं उत्तर तुम्ही कुठे उभे आहात यावर बरंच अवलंबून आहे. वॉर्सात किंवा बुडापेस्टमध्ये वाढलेल्या माणसाला सोव्हिएत रणगाडे आठवतात. ग्वाटेमाला, चिली, इराण किंवा व्हिएतनामच्या माणसाला अमेरिकेने पाडलेली सरकारं आणि टाकलेले बॉम्ब आठवतात. दोघंही खरं सांगत असतात. त्यामुळे मी प्रश्न थोडा बदलून घेते. १९४५ च्या एप्रिलमध्ये एल्ब नदीकाठी टोरगाव इथे अमेरिकन आणि सोव्हिएत सैनिक गळाभेट घेत होते. दोन्ही देश लढून दमले होते, नवं युद्ध दोघांनाही नको होतं. मग दोन-तीन वर्षांत ते एकमेकांचे वैरी कसे झाले? आणि त्या घाईगर्दीत 'तूर्तास' म्हणून केलेल्या सोयी पाऊणशे वर्षांनंतरही जागच्या का हलत नाहीत? माझ्या मते या विषयाचं मर्म या दोन प्रश्नांत आहे.

विचारसरणीचं महत्त्व मी कमी लेखत नाही. पण ते कारण पुरत नाही. साम्यवादी रशिया १९१७ पासून होताच. १९१८ ते १९२० च्या यादवीत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि जपानच्या फौजा अर्खांगेल्स्क आणि व्लादिव्होस्तोकला उतरल्या होत्या, हे रशियन माणूस कधी विसरला नाही. अमेरिकेने सोव्हिएत सरकारला मान्यता दिली ती थेट १९३३ मध्ये. उलट बाजूने, ऑगस्ट १९३९ मध्ये स्टालिनने हिटलरशी करार करून पोलंड वाटून घेतला, हे पश्चिमेच्या मनात राहिलं. एवढं सगळं असूनही १९४१ ते १९४५ हे दोन देश खांद्याला खांदा लावून लढले. म्हणजे विचारसरणी वेगळी असूनही एकत्र राहता येतं, दुसरं काही तसं भाग पाडत असेल तर. १९४५ मध्ये ते 'दुसरं काही' गेलं. जर्मनी आणि जपान कोसळले, ब्रिटन कर्जात बुडालं, फ्रान्स मोडून पडला. ज्या पाच-सहा राजधान्यांतून जग चालायचं त्यातल्या दोनच उरल्या आणि मधली सगळी जागा रिकामी पडली.

रिकाम्या जागेचं काय होतं याचा नमुना म्हणून मी वर्गात एक प्रसंग हमखास सांगते. ऑक्टोबर १९४४, मॉस्को. ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिलने कागदाच्या अर्ध्या तावावर देशांची नावं आणि टक्के लिहिले: रोमेनियात रशियाचा वाटा ९० टक्के, ग्रीसमध्ये ब्रिटनचा ९०, युगोस्लाव्हिया आणि हंगेरी निम्मे-निम्मे. कागद टेबलावरून पलीकडे सरकवला. स्टालिनने निळ्या पेन्सिलीने त्यावर बरोबरची खूण केली आणि परत दिला. कोट्यवधी लोकांचं भवितव्य असं लिहून झालं होतं. यात चर्चिल भांडवलशाहीवादी आणि स्टालिन साम्यवादी असल्याने काही फरक पडला नाही, हे लक्षात घ्या.

दुसरं कारण भीती. मला तेच सगळ्यात मोठं वाटतं आणि पाठ्यपुस्तकांत तेच सगळ्यात कमी असतं. महायुद्धात सोव्हिएत संघाची सुमारे २ कोटी ७० लाख माणसं मेली, अमेरिकेची सुमारे ४ लाख. एकटं लेनिनग्राड जवळजवळ ९०० दिवस वेढ्यात होतं आणि तिथे लाखो लोक उपासमारीने गेले. तीस वर्षांत दोनदा जर्मनीकडून मार खाल्लेल्या देशाला आपल्या सीमेलगत आपल्या ऐकण्यातली सरकारं हवी होती. मॉस्कोतून बघताना हा बचाव होता. वॉशिंग्टनमधून बघताना पोलंड, रोमेनिया, बल्गेरिया, हंगेरी आणि शेवटी फेब्रुवारी १९४८ मध्ये चेकोस्लोव्हाकिया असा एकेक देश गिळणारा हा दुसरा हिटलर दिसत होता. हिटलरला वेळीच न अडवल्याची टोचणी त्या पिढीला होतीच. मग अमेरिकेने जे केलं ते तिच्या दृष्टीने बचाव होता: मार्च १९४७ मध्ये ग्रीस आणि तुर्कस्तानला ४० कोटी डॉलर, पुढे पुनर्बांधणीच्या मार्शल योजनेतून पश्चिम युरोपला सुमारे १३ अब्ज डॉलर, १९४९ मध्ये १२ देशांचा नाटो हा लष्करी गट. मॉस्कोला तोच वेढा वाटला. एकाने केलेला बचाव दुसऱ्याला चढाई वाटतो, मग दुसरा बचाव करतो आणि पहिल्याची खात्री पटते की आपली भीती रास्त होती.

हे नुसतं सांगून पटत नाही, म्हणून मी विद्यार्थ्यांपुढे १९४६ सालच्या दोन तारा (टेलिग्राम) शेजारी शेजारी ठेवते. एक फेब्रुवारीतली, मॉस्कोच्या अमेरिकन वकिलातीतून जॉर्ज केनन याने वॉशिंग्टनला पाठवलेली. दुसरी सप्टेंबरमधली, वॉशिंग्टनमधले सोव्हिएत राजदूत निकोलाय नोविकोव्ह यांनी मॉस्कोला पाठवलेली. देशांची नावं झाकून उतारे वाचायला दिले की कुणी कुणाबद्दल लिहिलंय हे मुलांना पटकन सांगता येत नाही. समोरचा जगावर वर्चस्व मिळवायला निघाला आहे आणि त्याला फक्त ताकदीची भाषा कळते, असा दोन्हींचा सूर. सोव्हिएत तार १९९० च्या सुमारास उजेडात आली, तोवर जगाने एकच बाजू वाचली होती.

तिसरं, बॉम्ब. जर्मनीत पॉट्सडॅमच्या बैठकीत २४ जुलै १९४५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमनने स्टालिनला जाता जाता सांगितलं की आमच्याकडे असामान्य संहारक शक्तीचं एक नवं शस्त्र आलंय. स्टालिनने फारसं काही विचारलंच नाही, कारण हेरांकडून त्याला ते आधीच कळलेलं होतं. मित्राने मित्रापासून लपवलं, मित्राने मित्राकडून चोरलं आणि दोघांनाही ते माहीत होतं. ऑगस्ट १९४९ मध्ये सोव्हिएत बॉम्ब फुटला तेव्हा अविश्वास कायमचा झाला.

थोडक्यात, रिकामी झालेली जागा, आधीच्या जखमांतून आलेली भीती आणि ती भीती अनेक पटींनी वाढवणारं शस्त्र. विचारसरणीने या भीतीला भाषा दिली आणि माघार घेणं अवघड करून ठेवलं, कारण तत्त्वासाठी लढतोय म्हटलं की तडजोड ही फितुरी ठरते. स्टालिनच्या जागी दुसरा कुणी असता तर? माझं मत असं की वैर झालंच असतं, पण पूर्व युरोपातली दडपशाही इतकी क्रूर झाली नसती. माणसांची जबाबदारी तिथे येते आणि परिस्थितीकडे बोट दाखवून ती पुसता येत नाही.

आता परिणाम. इथे बहुतेक विद्यार्थी नाटो, त्याला उत्तर म्हणून झालेला सोव्हिएत गटाचा वॉर्सा करार, शस्त्रस्पर्धा अशी यादी देतात. माझा आग्रह असतो की एखादी जागा धरा आणि तिथे काय घडलं, काय उरलं ते बघा.

कोरिया घ्या. १० ऑगस्ट १९४५ च्या रात्री पेंटॅगॉनमध्ये डीन रस्क आणि चार्ल्स बोनस्टील या दोन तरुण अधिकाऱ्यांना सांगण्यात आलं की जपान शरण येतोय, कोरियात आपण कुठवर आणि रशियन फौज कुठवर ते लगेच ठरवा. त्यांच्याकडे नॅशनल जिओग्राफिकचा नकाशा होता. सेऊल आपल्या बाजूला राहावं एवढा विचार करून अर्ध्या तासाच्या आत त्यांनी ३८ अक्षांशावर बोट ठेवलं. रशियाने तक्रार न करता ते मान्य केलं. जपानी सैन्याची शरणागती घेण्यापुरतीच ही रेघ होती. एकाही कोरियन माणसाला विचारलं नव्हतं. पाच वर्षांत त्या रेघेवरून युद्ध झालं, लाखो माणसं मेली, आणि २७ जुलै १९५३ रोजी पानमुनजोमला फक्त युद्धविराम झाला. शांतता करार आजतागायत नाही. मूळ रेघेच्या आसपासच चार किलोमीटर रुंदीचा निर्लष्करी पट्टा आहे, दोन्हीकडे सुरुंग आहेत, दक्षिणेत अमेरिकन फौज आहे आणि उत्तरेकडे अणुबॉम्ब. आईबाप एकीकडे आणि मुलं दुसरीकडे अशी घरं होती. त्यातली बहुतेक माणसं पुन्हा भेट न होताच गेली.

या कोरियात आपला एक मराठी माणूस होता, हे फार कमी विद्यार्थ्यांना ठाऊक असतं. युद्धविराम दीड वर्ष अडून राहिला तो मुख्यतः युद्धकैद्यांवरून. मायदेशी परतायला तयार नसलेले २२ हजारांहून जास्त चिनी आणि उत्तर कोरियन कैदी होते. त्यांना तटस्थ देशाच्या ताब्यात द्यायचं ठरलं आणि भारतावर दोन्ही बाजूंचा जेमतेम का होईना, विश्वास होता. या कैद्यांसाठी नेमलेल्या तटस्थ देशांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या आणि कैद्यांचा ताबा घेणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. दक्षिण कोरियाच्या अध्यक्षांनी भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाय ठेवू द्यायला नकार दिला, म्हणून आपल्या जवानांना जहाजांवरून हेलिकॉप्टरने थेट त्या पट्ट्यात उतरवावं लागलं. छावणीत दोन्ही बाजूंच्या हस्तकांनी कैद्यांना धाकात ठेवलेलं. एकदा कैद्यांनी एका भारतीय मेजरला ओलीस धरलं, तेव्हा थोरात स्वतः आत गेले आणि बोलणी करून त्याला सोडवून आणलं. अलिप्तता म्हणजे कुंपणावर बसणं, असं अजून लिहिलं जातं. त्या छावणीत आपल्या सैनिकांनी काय सोसलं ते वाचलं की ती किती कष्टाची गोष्ट होती ते कळतं.

लाओसबद्दल तर लिहावं तेवढं थोडं. १९६२ मध्ये जिनिव्हात त्याला तटस्थ देश म्हणून सगळ्यांनी मान्यता दिली. पण उत्तर व्हिएतनामची रसद त्याच्या जंगलांतून जात होती. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने त्या छोट्या देशावर २० लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले. त्यात मुठीएवढे सुमारे २७ कोटी छोटे बॉम्ब होते आणि त्यातले अंदाजे ३० टक्के तेव्हा फुटलेच नाहीत. तिथले लोक त्यांना 'बॉम्बी' म्हणतात. शेत नांगरताना, बांबूचे कोंब काढताना, पाचोळा पेटवताना ते आजही फुटतात. मरणाऱ्यांत आणि हातपाय गमावणाऱ्यांत मुलं असतात, कारण बॉम्बी चेंडूसारखा दिसतो. शिएंग ख्वांग प्रांतातल्या एका गावात लोक बॉम्बचं ॲल्युमिनियम वितळवून चमचे ओततात आणि विकतात. ज्या मुलांच्या आजोबांच्या वेळी हे युद्ध झालं, त्या मुलांना अमेरिका-रशियाच्या भांडणाशी काय देणंघेणं होतं? माझ्या लेखी दीर्घकालीन परिणाम या शब्दांचा पहिला अर्थ हा आहे आणि उत्तरपत्रिकेत तो शेवटच्या ओळीतही नसतो याचं मला मनापासून वाईट वाटतं.

अशीच कझाकस्तानातल्या सेमिपलातिन्स्कची गोष्ट. १९४९ ते १९८९ तिथे सोव्हिएत संघाने साडेचारशेहून जास्त अणुचाचण्या केल्या आणि आसपासच्या गावांतले आजार त्यानंतरही चालू राहिले. पॅसिफिकमधल्या मार्शल बेटांवर अमेरिकेने ६७ केल्या. अफगाणिस्तानवर मी इथे थांबत नाही, तो स्वतंत्र उत्तराचा विषय आहे. एवढंच सांगते की सोव्हिएत फौज १९८९ मध्ये परतली, पण अमेरिकेने पाकिस्तानमार्गे ओतलेली शस्त्रं आणि ती चालवायला शिकलेली माणसं तिथेच राहिली आणि त्याची झळ काश्मीरला लागली.

तुम्ही नाशिकचे आहात म्हणून ओझरचं उदाहरण देते. १९६२ च्या युद्धानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. पाकिस्तानला अमेरिकेकडून एफ-१०४ ही लढाऊ विमानं मिळाली होती. तीच मागायला चव्हाण मे १९६४ मध्ये वॉशिंग्टनला गेले, पण दाद लागली नाही. ते तिथे असतानाच नेहरू गेले आणि त्यांना परतावं लागलं. त्याच वर्षी ते मॉस्कोला गेले आणि तिथून मिग विमानांचा आणि इतर साहित्याचा करार घेऊन आले. मिगचा सांगाडा बनवायचा कारखाना ओझरला उभा राहिला. पुढे सुखोईही तिथेच जोडली गेली. मिग-२१ भारतीय हवाई दलातून निवृत्त झालं ते सप्टेंबर २०२५ मध्ये. एका नकारातून साठ वर्षांचे सुटे भाग, प्रशिक्षण, दुरुस्तीची पुस्तकं, कारागीर, अशी अख्खी व्यवस्था जन्माला आली. २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यावर संयुक्त राष्ट्रांत भारत तटस्थ का राहिला, याचं एक मोठं कारण या व्यवस्थेत आहे. सरकारं बदलतात, हँगरमधलं विमान इतक्या सहज बदलता येत नाही.

तारापूरही तसंच. अमेरिकेच्या मदतीने बांधलेली आपली पहिली अणुवीज भट्टी १९६९ मध्ये सुरू झाली. १९७४ मध्ये पोखरणला आपली अणुचाचणी झाली, १९७८ मध्ये अमेरिकेने कायदा बदलला आणि इंधन अडलं. मग १९८२ मध्ये फ्रान्सशी करार करावा लागला. तेव्हापासून कुठलंही मोठं तंत्रज्ञान एकाच देशाकडून घ्यायचं नाही, ही खबरदारी आपल्या धोरणात मुरली. दुसऱ्या अंगाने बघायचं तर पवईचं आयआयटी १९५८ मध्ये युनेस्कोमार्फत आलेल्या सोव्हिएत मदतीने उभं राहिलं आणि कानपूरचं अमेरिकेच्या. स्पर्धेतून आपल्याला मिळालं तेही प्रामाणिकपणे लिहायला हवं. देवी रोगाच्या निर्मूलनाचा प्रस्ताव १९५८ मध्ये सोव्हिएत संघाने मांडला, लशीचे कोट्यवधी डोस दिले. ती मोहीम जिनिव्हातून चालवणारे डी. ए. हेंडरसन अमेरिकन होते. १९८० मध्ये देवी गेल्याचं जाहीर झालं. इतक्या कडव्या वैरातही हे शक्य झालं, म्हणून मी मुलांना ते आवर्जून शिकवते.

खुद्द या दोघांमध्ये काय उरलं? १९८६ च्या सुमारास जगात ७० हजारांच्या आसपास अण्वस्त्रं होती. आज १२ हजारांच्या आसपास आहेत आणि त्यातली जवळजवळ ९० टक्के अजूनही याच दोघांकडे आहेत. ती कमी करणारे करार मात्र एकेक करून मोडले. मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांवरचा १९८७ चा करार २०१९ मध्ये संपला. १२ देशांचा नाटो आज ३२ चा आहे. १९९४ मध्ये युक्रेनने आपल्याकडची सोव्हिएत अण्वस्त्रं सोडली ती सीमांचा मान राखण्याच्या लेखी आश्वासनावर आणि त्यावर रशियाचीही सही होती. नाटोच्या विस्ताराने रशिया डिवचला गेला की रशियाच्या वागण्याने शेजारी नाटोकडे पळाले, यावर वाद आहे. माझ्या मते दोन्ही खरं आहे आणि तरीही शेजाऱ्यावर फौज घालण्याचं ते समर्थन होऊ शकत नाही.

आता अमेरिका-चीन. इथे मी जपून बोलते, कारण माझं काम घडून गेलेलं वाचण्याचं आहे. एक फरक ढोबळ आहे. अमेरिका-सोव्हिएत व्यापार किरकोळ होता. अमेरिका आणि चीनमधला मालाचा व्यापार २०२२ मध्ये साडेसहाशे अब्ज डॉलरच्या वर होता. त्यामुळे तोडणं दोघांनाही महाग पडतं. पण १९१४ मध्ये ब्रिटन आणि जर्मनीचाही एकमेकांशी भरपूर व्यापार होता, तेव्हा त्यावर फार विसंबू नका. मला जास्त काळजी वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्युबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांच्या पेचात सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हचं एक पत्र व्हाइट हाऊसला पूर्ण पोचायला जवळजवळ बारा तास लागले. शेवटचा निरोप लवकर पोचावा म्हणून मॉस्कोने तो रेडिओवरच वाचून दाखवला. त्या धसक्यातून १९६३ मध्ये दोन राजधान्यांमध्ये थेट संदेशवाहिनी आली आणि पुढे शस्त्रमर्यादेचे करार झाले. अमेरिका आणि चीनमध्ये अण्वस्त्रं मर्यादित करणारा असा करार नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये तैवानवरून बिनसलं तेव्हा चीनने लष्करी अधिकाऱ्यांमधली बोलणी थांबवली आणि ती पुन्हा सुरू करायचं ठरलं ते नोव्हेंबर २०२३ मध्ये. त्या सव्वा वर्षात दक्षिण चीन समुद्रावर दोघांची विमानं एकमेकांच्या अगदी जवळून उडत होती. म्हणून बातम्या वाचताना कोण काय गरजलं याच्यापेक्षा या दोघांच्या सेनाधिकाऱ्यांचा आपसातला फोन चालू आहे की बंद, एवढं जरूर बघत जा.